प्रत्येक ओळीवर एकच नाव

मी नोकरीत नेमकं काय करायचे हे आमच्या सोसायटीत अजून कुणाला नीट कळलेलं नाही. 'कॉम्प्युटरमध्ये होते' म्हटलं की लोक प्रिंटर बघायला बोलावतात. एकदा बदलापूरला आमच्या कात्रपच्या भाजीवाल्यापाशी शेजारच्या वैद्यबाईंनी फारच खोदून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, ओळ कुठे संपते ते बघायचे. त्या मेथीची जुडी उलटसुलट करायला लागल्या.

पण खरंच तेच काम होतं. निवृत्त होऊन वर्ष झालं, आता कुणी लिहायला सांगतंय तर नीट सांगते.

मी टायपिंग शिकले उल्हासनगरला, एका क्लासमध्ये, लोखंडी टाइपरायटरवर. ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि आपण डाव्या हाताने दांडा ढकलायचा. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. गाडा सरकून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायचा, आणि रूळ फिरून कागद एक ओळ वर जायचा. पुढे संगणक आले तेव्हा या दोन कामांच्या दोन वेगळ्या खुणा झाल्या. एक 'सुरुवातीला ये', दुसरी 'खाली जा'. या खुणा पडद्यावर दिसत नाहीत, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी असतात. भानगड अशी की सगळ्या संगणकांनी दोन्ही खुणा घेतल्या नाहीत. विंडोजवाल्यांनी दोन्ही ठेवल्या. दुसऱ्या जातीच्या यंत्रांनी म्हटलं, 'खाली जा' एवढंच पुरे. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने उघडलं की माणसाला काहीच फरक दिसत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक ओळ वेगळी दिसते.

उल्हासनगरात जीन्सची लेबलं छापणारे एक काका होते. त्यांच्या जुन्या छपाईयंत्रावर एकदा प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखालून सुरू व्हायला लागली. मी गेले तर त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "दीदी, मला लेबल पाहिजे. जिना नको." 'खाली जा' होतं, 'सुरुवातीला ये' गळलं होतं. दोन तासांत सरळ करून दिलं. पुढे कितीतरी वर्षं बाजारात भेटले की ते बरोबरच्या माणसाला सांगायचे, ही जिनेवाली मॅडम.

आमची कंपनी म्हणजे उल्हासनगरला एका कापडदुकानाच्या वर तीन खोल्या. मालक मुरली सर, सिंधी गृहस्थ, स्वतः इंजिनिअर. आम्ही एक एडिटर बनवायचो. एडिटर म्हणजे साधा मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. त्यात ठळक, तिरपं, रंगीत असं काही नाही. आमचा एडिटर खास कारखान्यांसाठी होता. अंबरनाथ, बदलापूरच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आहेत. किती खोल भोक पाडायचं, कोणत्या वेगाने, कोणत्या टूलने, हे त्यांना ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. त्याला प्रोग्रॅम म्हणतात. एका जॉबचा, म्हणजे एका सुट्या भागाचा, प्रोग्रॅम हजार ओळींचाही असतो आणि त्यातला एक आकडा चुकला तर लोखंड वाया जातं.

म्हणून गिऱ्हाईक म्हणायला लागलं, कुणी कधी काय बदललं ते कळलं पाहिजे. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत त्यासाठी एक व्यवस्था असते. फाइल साठवली की जुनी प्रतही जपली जाते, काय बदललं, कुणी, केव्हा, सगळं नोंदलं जातं. आम्ही तिला हिस्टरी म्हणायचो. ती हिस्टरी आमच्या एडिटरला जोडायचं काम माझं. पडद्याच्या डाव्या कडेला, बदललेल्या ओळीपुढे रंगीत पट्टी. नको असलेला बदल 'मागे घ्या' म्हणून बटण. आणि ओळीवर जाऊन आणखी एक बटण दाबलं की ती कुणी लिहिली त्याचं नाव. या शेवटच्या बटणाला जगभर सगळे 'ब्लेम' म्हणतात. मला ते नाव आवडलं नाही. कारखान्यात माणसं काम करतात, त्यांच्यापुढे दोष द्यायचं बटण कशाला ठेवायचं. मी त्यावर 'कोणी लिहिलं' असं लिहिलं. या गोष्टीचा मला त्या वेळी फार अभिमान होता.

तर त्या बटणामुळेच जनार्दन पाटलांची नोकरी जायची वेळ आली.

अंबरनाथला पंपाचे सुटे भाग करणारा एक कारखाना आमचं जुनं गिऱ्हाईक होता. तिथून मॅनेजर शिर्के यांचा फोन आला, मुरली सरांनाच. आमच्या एका माणसाने प्रोग्रॅममध्ये गडबड केली आहे, तुमच्या हिस्टरीत ते स्पष्ट दिसतंय, आम्हाला चौकशीसाठी त्या नोंदीचा तुमच्या सहीचा कागद हवाय, एवढंच त्यांचं म्हणणं. मुरली सरांनी मला विचारलं, छापून पाठवायचं का? मी म्हटलं, छापण्याआधी बघून येते. कुणाच्या विरुद्ध कागद द्यायचा म्हणजे आपल्या डोळ्यांनी बघायला हवं, इतकाच विचार होता. काही संशय वगैरे आला होता असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने चिखलोलीवरून अंबरनाथ गाठलं. शिर्क्यांनी केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं. पंपाच्या एका बॉडीत साडेअठरा मिलिमीटर खोल भोक पाडायचं होतं. मशिनने ते सव्वाएकोणीस पाडलं. आठ नग वाया गेले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. त्या खोलीची ओळ उघडून 'कोणी लिहिलं' दाबलं, तर नाव आलं जनार्दन पाटील. वरची ओळ दाबली, जनार्दन पाटील. खालची, जनार्दन पाटील. अकराशे ओळींचा प्रोग्रॅम, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव.

शिर्के म्हणाले, याचा अर्थ उघड आहे. यांनी पेनड्राइव्हवरून भलतीच प्रत आणून पूर्ण प्रोग्रॅमवर चिकटवली. पेनड्राइव्हला इथे बंदी आहे. आणि विचारलं तर म्हणतात मी एकच ओळ बदलली.

तिथे बसलेले इंजिनिअर सागर कदम म्हणाले की सव्वाएकोणीसचा आकडा मुळात त्यांचाच. एका चाचणीसाठी त्यांनी तो घातला होता, साठवला होता, आणि चाचणी रद्द झाल्यावर दहा मिनिटांत 'मागे घ्या' दाबून परत घेतला होता. पडद्यावर साडेअठरा आलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं. म्हणजे पाटलांकडे त्या दहा मिनिटांतली प्रत कुठूनतरी होती, असा त्यांचा हिशेब. हे त्यांनी लेखी दिलं होतं. तिशीचा, शांत, काळजीपूर्वक बोलणारा माणूस. खोटं बोलतोय असं कुणालाही वाटलं नसतं.

मी म्हटलं, मला पाटलांना भेटायचंय.

ते खाली शॉपमध्ये, मशिनांच्या हॉलमध्ये होते. चौकशी संपेपर्यंत त्यांना कॉम्प्युटरपासून दूर ठेवून कानशीच्या टेबलावर बसवलं होतं, तयार नगांच्या कडा घासायला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बदलापूर गावातला, सव्वीस वर्षं त्याच कारखान्यात. हाताने लेथ चालवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली आणि मग चाळिशीनंतर कॉम्प्युटर शिकले. त्यांच्या बरोबरीचे बाकी कुणी शिकले नव्हते. आता तिथल्या ऑपरेटर मुलांच्या देखत ते कानस चालवत होते. मी ओळख सांगितली तरी कानस थांबली नाही.

"मॅडम, मी सगल्यांना सांगितलंय," ते म्हणाले. "एक ओळ बदलली. बाकी कशाला हातपण लावला नाय. आता कॉम्प्युटरच माझं नाव सांगतोय तर मी काय बोलू?"

मी त्यांना म्हटलं, तुम्ही त्या दिवशी जे केलं तेच मला करून दाखवा. त्यांनी हात पुसले आणि माझ्याबरोबर त्यांच्या जुन्या पीसीवर आले. कदमही येऊन मागे उभे राहिले. मी हिस्टरीतून त्या तारखेच्या आदल्या दिवसाची प्रत काढून दिली. जनार्दननी ती उघडली, चष्मा लावला, आणि एक ओळ शोधली. प्रोग्रॅममध्ये कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. अशा एका कंसात त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: टूल चार नवा, होल्डर बघून लावा. नव्या टूलचा होल्डर, म्हणजे टूल पकडून ठेवणारा भाग, थोडा लांब होता, रात्रपाळीच्या माणसाला कळावं म्हणून. मग त्यांनी फाइल साठवली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मी 'कोणी लिहिलं' दाबलं. अकराशे ओळी, अकराशे वेळा जनार्दन पाटील.

त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी मागे वळून कदमना विचारलं, तुम्ही पेनड्राइव्ह पाहिला का कुठे? ते पुढे वाकून पडदा बघायला लागले.

तोवर मला काय झालं असावं याचा अंदाज आला होता. न दिसणाऱ्या खुणा दाखवायची सोय आमच्या एडिटरमध्ये होती, ती चालू केली. आदल्या दिवसाच्या प्रतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच खूण. जनार्दननी साठवलेल्या प्रतीत दोन. तो प्रोग्रॅम कुठून आला विचारलं, तर कदम म्हणाले की बाकी सगळे प्रोग्रॅम इथल्याच पीसींवर लिहिलेले, हा एकच एका जुन्या मशिनच्या पोटातून केबलने उतरवलेला. म्हणजे त्या मशिनच्या पद्धतीच्या एकेरी खुणा त्यात होत्या. जनार्दननी एक ओळ बदलून साठवलं, आणि साठवताना आमच्या एडिटरने न विचारता अकराशे ओळींच्या शेपट्या, म्हणजे शेवटच्या खुणा, विंडोजच्या पद्धतीच्या करून टाकल्या. हिस्टरीच्या दृष्टीने प्रत्येक ओळ बदलली, आणि बदलणारा कोण, तर जनार्दन.

कदमच्या संगणकावर असं झालं नव्हतं, कारण त्यांनी सेटिंगमधली 'ओळी आहेत तशा ठेवा' ही चौकट स्वतः शोधून टिक करून ठेवली होती. जनार्दनच्या पीसीवर ती रिकामी होती. एडिटर बसवला की ती रिकामीच यायची.

पण सव्वाएकोणीसचा उलगडा अजून व्हायचा होता. मी कदमना म्हटलं, आता तुमची पाळी. ते त्यांच्या संगणकावर बसले. चाचणीआधीची प्रत उघडून आकडा घातला, साठवला, 'मागे घ्या' दाबलं. पडद्यावर साडेअठरा आलं. कडेची रंगीत पट्टी गेली. कुणीही म्हणेल, काम झालं. मी म्हटलं, बंद करून पुन्हा उघडा.

उघडलं तर सव्वाएकोणीस.

कदमनी तीन वेळा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. बदल मागे घेताना एडिटर जुनी ओळ फाइलमध्ये शोधायचा, तो दुहेरी खूण धरून शोधायचा. या फाइलमध्ये एकेरी खूण. ओळ सापडायची नाही, फाइल होती तशीच राहायची, आणि पडद्यावर मात्र जुना आकडा रंगवला जायचा. कदमनी खरोखर बदल मागे घेतला होता. जनार्दननी खरोखर एकच ओळ बदलली होती. दोघं महिनाभर एकमेकांना खोटं ठरवत होते, आणि दोघंही खरं बोलत होते.

शिर्क्यांना मी एवढंच म्हटलं की मला एक दिवस द्या, उद्या सगळं सांगते. आणि उल्हासनगरला ऑफिसात आले.

आमच्या एडिटरचा स्वतःचा मजकूरही त्याच हिस्टरीत ठेवलेला असायचा. साठवताना शेपट्या बदलणारा भाग उघडला. बदल मागे घेणारा भाग उघडला. त्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की ओळ सापडली नाही तर काही न बोलता पुढे जा. ते वाचल्यावर कुणाचं ते मला ओळखू आलंच होतं, तरी मी 'कोणी लिहिलं' दाबलं. माझं नाव आलं.

ती ओळ का लिहिली तेही आठवलं. त्याच्या वर्षभर आधी एका गिऱ्हाइकापुढे प्रात्यक्षिक होतं. मधेच लाल चौकटीत चूक झाल्याचा निरोप आला तर बरं दिसत नाही, म्हणून मी तो निरोप बंद केला होता. नंतर चालू करू म्हणून राहिला तो राहिलाच. आणि ती सेटिंगची चौकट रिकामी ठेवायचा निर्णयही माझा. माझ्या डोळ्यांपुढे विंडोजच होतं. अंबरनाथमधल्या जुन्या मशिनच्या पोटात कसल्या खुणा आहेत याचा मी विचारच केला नव्हता.

मुरली सरांना सगळं दाखवलं. ते माणूस म्हणून चांगले, पण दुकान चालवणारे. ते गिऱ्हाईक गेलं असतं तर त्याच्या ओळखीतली आणखी चार गेली असती. ते म्हणाले, "आपण सेटिंग म्हणू. सेटिंग त्यांनी टिक करायला पाहिजे होती. झूठ तो नहीं है ना?"

मी म्हटलं, "खोटं नाही. पण सेटिंग जनार्दनच्या पीसीवरची आहे. म्हणजे पुन्हा त्याच्याच नावावर जाईल."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली कापडाचे गठ्ठे टेम्पोत चढत होते. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तो आप बोलो. मैं बाजू में बैठता हूँ।" त्यानंतर त्यांनी मला काय बोलायचं, काय नाही, यावर एक शब्द सांगितला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मालकाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटला तो त्या वाक्यामुळे.

दुसऱ्या दिवशी शिर्क्यांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण. शिर्के, कदम, मुरली सर, मी, आणि माझ्या आग्रहावरून जनार्दन. ते दाराशीच उभे राहिले. मी खुर्ची ओढून दिली तेव्हा बसले. मी मोठी प्रस्तावना केली नाही. जे बोलायचं ते आधी बोलून टाकलं.

"हे दोघंही खरं बोलताहेत. चूक आमच्या एडिटरची आहे, आणि एडिटरचा तो भाग मी लिहिला आहे."

मग करून दाखवलं. जनार्दनचं एकदा, कदमचं एकदा. शिर्क्यांना पटेना म्हणून त्यांच्या हाताने करून घेतलं. त्यांनी कंसात एक शब्द लिहून साठवला आणि अकराशे ओळींवर त्यांचं स्वतःचं नाव आलं, तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. त्यांनी विचारलं की इतके दिवस हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. मी सांगितलं, चूक झाल्यावर एडिटरने ओरडायला हवं होतं, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं. मुरली सर शेजारी बसले होते. नुकसानीचं काय ते मी बघतो, असं म्हणून त्यांनी तो विषय आपल्याकडे घेतला. पुढे त्यांच्यात काय ठरलं ते मी कधी विचारलं नाही.

कदम उठले आणि जनार्दनपाशी गेले. म्हणाले, "काका, मी लिहून दिलं होतं. ते मी परत घेतो. चुकलं माझं."

जनार्दन म्हणाले, "तुमच्या डोळ्यांनी बघितलंत ते लिवलंत." एवढंच. मग शिर्क्यांकडे वळून विचारलं की आज कानशीवर बसू का मशिनवर. शिर्के म्हणाले, मशिनवर.

यानंतरचे तीन आठवडे माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले. कुणी म्हणेल, स्वतःचीच घाण निस्तरली, त्यात काय अभिमान. पण दुरुस्ती दोन प्रकारची असते. एक, त्या फाइलपुरती; ती एका दुपारची होती. दुसरी, पुन्हा कधीच कुणाच्या बाबतीत होऊ नये अशी. मी एक नियम लिहून टेबलासमोर भिंतीवर चिकटवला: माणसाने जी ओळ बदलली नाही, तिच्या शेपटीला एडिटरने हात लावायचा नाही. सांगायला सोपं आहे. पण अर्धी फाइल एकेरी आणि अर्धी दुहेरी असेल तर? शेवटच्या ओळीला खूणच नसेल तर? दोन ओळी जोडून एक केली तर कुणाची शेपटी राहणार? ओळ मधून तोडली तर नवी खूण कोणती, वरच्या ओळीची की खालच्या? एकेका प्रश्नाची मी फाइल बनवली. अंबरनाथ, बदलापूरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून त्यांच्या जुन्यातल्या जुन्या मशिनचे प्रोग्रॅम मागवले. एकाकडचं मशीन तर असं निघालं की ते खुणा उलट्या क्रमाने लिहायचं. तेही बसवलं. आणि बदल मागे घेता आला नाही तर एडिटर आता पडद्याच्या मध्यभागी, मोठ्या मराठी अक्षरांत सांगायचा: मागे घेता आलं नाही, फाइल होती तशीच आहे. मुरली सर म्हणाले, जरा छोटं करा, घाबरतील. मी म्हटलं, घाबरू देत.

त्यानंतर मी सात वर्षं तिथे होते. शेपट्यांची एकही तक्रार परत आली नाही. एडिटरमध्ये नवनवीन सोयी झाल्या, तरुण मुलांनी केल्या, त्यांची जाहिरातही झाली. माझं काम जाहिरातीत येण्यासारखं नव्हतं. जे होत नाही त्याची जाहिरात कशी करणार? पण शेकडो माणसं रोज साठवण्याचं बटण दाबत होती आणि त्यांच्या नावावर फक्त त्यांनी लिहिलेलंच जात होतं. मला त्याचं आजही बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र बोचते. ती गप्प बसवणारी ओळ वर्षभर एडिटरमध्ये होती. शिर्क्यांनी निदान फोन केला. कुठल्या कारखान्यात कुणी फोन न करता नुसतं बटण दाबून, नाव वाचून, एखाद्या माणसाला घरी पाठवलं असेल का? नवी आवृत्ती गेली तेव्हा मी सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहिलं, काय चुकलं होतं ते स्पष्ट शब्दांत, की अशी जुनी नोंद असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. दोघांचे फोन आले. बाकीच्यांनी पत्र वाचलं की नाही, माहीत नाही.

नवा एडिटर बसवायला मी स्वतः अंबरनाथला गेले. सगळ्या पीसींवर बसवून झाल्यावर जनार्दन जवळ आले. म्हणाले, एक विचारू का. त्या पंपाच्या प्रोग्रॅमवर अजून प्रत्येक ओळीला माझंच नाव दिसतं, ते काढता येईल का?

मला वाटलं, त्यांना लाज वाटत असेल. मी सांगितलं की हिस्टरीतून काही पुसता येत नाही, पण पुसायची गरजही नाही, आता सगळ्यांना खरं काय ते माहीत आहे.

"तसं नाय," ते म्हणाले. "तो प्रोग्रॅम म्हात्र्याने लिवला होता. आपला म्हात्रे, गेला तो. मशिनसमोर उभा राहून एकेक आकडा घातला होता त्याने, केबलने उतरवलापण त्यानेच. त्याच्या कामावर माझं नाव बरं दिसत नाय."

हिस्टरीत एक सोय असते. एखादी नोंद खोटी नाही, पण तिने काही खरं बदललंही नाही, असं सांगता येतं. मग नाव शोधताना ती नोंद ओलांडून मागे बघितलं जातं; मागे तशी ओळच नसेल तरच नाव तसंच राहतं. ही सोय आमच्या एडिटरला जोडलेली नव्हती. मी तिथेच, त्यांच्या पीसीवर हाताने आज्ञा लिहून ती लावली. प्रोग्रॅम पुन्हा उघडला आणि कडेला सगळी नावं एकदम दिसतील असा पडदा लावून दिला.

म्हात्रे, म्हात्रे, म्हात्रे. पानामागून पान. मधे कुठे कुठे कदम. जनार्दन चष्मा लावून, एक बोट पडद्याला न टेकवता खाली आणत होते. एका ठिकाणी ते थांबले. टूल चार नवा, होल्डर बघून लावा. त्या ओळीपुढे लिहिलं होतं जनार्दन पाटील.

"हं," ते म्हणाले. "एवढंच माझं."

आणि खुर्ची सरकवून मशिनकडे गेले.